साक्षीचं समन्स आलंय? नाशिकच्या मोफत विधी सेवेचं परीक्षण

फिर्याद देऊन दोन-तीन वर्षं उलटलेली असतात. बाई माहेरी रुळलेली, पोरगं शाळेत, मारहाणीचा व्रण फिका पडलेला. अशात एक दिवस पोलीस ठाण्याचा अंमलदार दारात येतो, छापील कागद पुढे करतो आणि 'इथं सही करा' म्हणतो. कागदावर वर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध', पुढे नवऱ्याचं नाव आणि खाली साक्षीदार म्हणून तिचं स्वतःचं. हे साक्षीचं समन्स. बऱ्याच घरांत ते रेशनकार्डाच्या पिशवीत जातं आणि तारीख निघून जाते.

या कागदाचं काय करायचं हे पैसे न घेता सांगणारी आणि गरज पडली तर वकील देणारी सरकारी सोय म्हणजे विधी सेवा. नाशिक शहरात सीबीएस बसस्थानकासमोरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. निफाड, सिन्नर, येवला, मालेगाव अशा ठिकाणी तिथल्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती. हे परीक्षण या सेवेचं आहे, तेही एकाच कामापुरतं: कौटुंबिक हिंसाचाराच्या खटल्यात साक्षीचं समन्स आलेल्या बाईला ती किती उपयोगी पडते. निकाल आधीच सांगतो. तारखेच्या आधी गेलात तर पाचपैकी चार. वॉरंट निघाल्यावर धावत गेलात तर तीन. 'हे समन्सच रद्द करून द्या, मला केस नको' म्हणून गेलात तर शून्य, कारण ते कुठल्याच वकिलाच्या हातात नसतं.

या शून्याचं कारण आधी बघू. बहुतेक गैरसमज तिथेच आहेत.

'केस माझी, मी नाही गेले तर मलाच शिक्षा कशी?' हा पहिला प्रश्न. उत्तर समन्सच्या पहिल्या ओळीत आहे. ४९८-अ चा (नवऱ्याकडून किंवा सासरकडून छळ) किंवा मारहाणीचा पोलीस खटला चालवतं ते राज्य. बाई त्यात फिर्यादी आणि साक्षीदार असते, पक्षकार नसते. फिर्याद 'मागे घेणे' हा शब्द ठाण्याच्या पायरीवर सर्रास वापरला जातो, पण दोषारोपपत्र गेल्यावर तसं काही तिच्या एकटीच्या हातात राहत नाही. दुसरा गैरसमज असा, की बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे फौजदारी खटल्यात आरोपीची पत्नी सक्षम साक्षीदार आहे. नवरा-बायकोतल्या खासगी बोलण्याला कलम १२८ संरक्षण देतं, पण एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात तेही लागू होत नाही.

तिसरी गल्लत पोलिसांची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यांतली. तपासासाठी पोलीस बोलावतात तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ बाईच्या बाजूने आहे: महिलेला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे हजर राहायला सांगता येत नाही, ती स्वतः ठाण्यात यायला तयार असेल तरच. ही सवलत कोर्टाच्या समन्सला नाही. कागदावर कोर्टाचा शिक्का, केस नंबर आणि न्यायाधीशांची सही असेल तर जावंच लागतं.

नाही गेलं तर नेमकं काय होतं

एकदम जेल होत नाही. पण पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर सुटणं आधीच्यापेक्षा अवघड.

तारखेला पुकारा होतो, साक्षीदार गैरहजर. न्यायाधीश आधी समन्सच्या पाठीमागचा पोलिसांचा अहवाल बघतात: तामील झाली, म्हणजे समन्स पोहोचलं, की बेतामील परत आलं. तामील नसेल तर पुन्हा समन्स. वेळेत तामील झालेली असून सबळ कारण न कळवता गैरहजर असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९० खाली (पुढे कायद्याचं नाव न घेता कलम सांगितलं की ते याच संहितेचं) कारण नोंदवून वॉरंट काढता येतं. प्रथा अशी की पहिलं बहुधा जामीनपात्र निघतं, कोर्टातल्या भाषेत बीडब्ल्यू. त्यावर रक्कम आणि जामीनदार किती ते लिहिलेलं असतं. अंमलदार घरी येतो, जातमुचलका आणि जामीनदाराची सही घेतो, पुढची तारीख देतो. जामीनदार म्हणजे बहुतेक वेळा भाऊ किंवा बाप. त्या तारखेलाही बाई गेली नाही तर कलम ४९१ प्रमाणे मुचलक्याची रक्कम जप्त होऊ शकते, म्हणजे पैसे भावाच्या खिशातून जातात. ही गोष्ट सही करताना कुणी सांगत नाही.

त्यानंतर अजामीनपात्र, एनबीडब्ल्यू. यात पोलीस ताब्यात घेऊन कोर्टासमोर उभं करतात. कलम ४३ प्रमाणे महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेतली तरच. म्हणजे 'रात्री येऊन उचलून नेतील' ही सासरकडून घातली जाणारी भीती साक्षीदाराच्या वॉरंटबाबत पोकळ आहे. दिवसा मात्र येऊ शकतात, तेही शेजारपाजारच्या देखत.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. वॉरंट कलम ७२ प्रमाणे अंमलात येईपर्यंत किंवा ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. ठाण्यात ओळखीच्या हवालदाराशी बोलून ते 'मिटत' नाही. तारीख गेली म्हणून मरतही नाही. ते त्या कोर्टातूनच रद्द करून घ्यावं लागतं.

दंड-शिक्षेचे आकडे असे. कलम ३८९ खाली तेच कोर्ट, बाजू मांडायची संधी देऊन, समन्स न पाळणाऱ्या साक्षीदाराला ५०० रुपयांपर्यंत दंड करू शकतं. त्यावर अपील आहे. वेगळा गुन्हा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २०८ आहे: कोर्टात हजर राहण्याचा आदेश जाणूनबुजून मोडला तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी संबंधित न्यायालयाची लेखी तक्रार लागते, नवऱ्याला उठून ती करता येत नाही. समन्स चुकवायला फरार होण्यासाठी त्याच न्याय संहितेचं कलम २०६, तिथेही कोर्टाच्या समन्सला शिक्षा तीच. खटला १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असेल तर तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच पुढे जातो. तिथे ३५० कलमाचा दंड १०० रुपयांपर्यंत आणि गैरहजेरीही त्या तारखेच्या आधीची असेल तर भारतीय दंड संहितेच्या १७४ खाली सहा महिने किंवा १,००० रुपये. आकडे छोटे दिसतात म्हणून निर्धास्त होऊ नका. खरी किंमत दंडात नाही.

खरी किंमत ही: पोलिसांनी लिहून घेतलेला तिचा जबाब हा कोर्टात पुरावा नसतो. तो पुरावा होतो ती पिंजऱ्यात उभी राहून, शपथेवर, उलटतपासाला सामोरी जाऊन सांगते तेव्हा. ती आलीच नाही की सरकारी वकिलाच्या हातात पंच, डॉक्टर आणि तपास अंमलदार एवढेच राहतात. दोन-चार तारखांनंतर कोर्ट सरकार पक्षाचा पुरावा बंद करतं आणि आरोपी सुटतो. त्याच्या निकालपत्रात मग 'फिर्यादी साक्षीला हजर राहिली नाही' हे वाक्य येतं आणि पोटगीच्या, मुलाच्या ताब्याच्या दाव्यात त्याचा वकील तेच पान दाखवतो.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १२ चा अर्ज ही वेगळी गोष्ट. तिथे बाई स्वतः अर्जदार असते, तिला वॉरंट निघत नाही. पण सारखी गैरहजर राहिली तर अर्जच निकाली निघतो आणि त्यावर उभी असलेली अंतरिम पोटगी, राहत्या घराचा आदेश, सगळं कोसळतं. अपील कलम २९ खाली सत्र न्यायालयात, मुदत ३० दिवस. एकाच आवारात दोन्ही प्रकरणं चालतात, तारखा वेगळ्या असतात, आणि 'कोर्टात जाऊन आले की' म्हणणाऱ्या बाईने नेमकी दुसऱ्याच केसची तारीख केलेली असते. कागदावर आरसीसी (फौजदारी खटल्याचा) नंबर आहे की कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज क्रमांक, हे आधी वाचा.

आता सेवा

पात्रता हा या सेवेचा सगळ्यात चांगला भाग. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: महिला असणं एवढंच पुरतं. उत्पन्नाची अट नाही. तरी कित्येक जणी आधी सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन दिवस घालवतात आणि तारीख तोंडावर आल्यावर पोहोचतात. दाखला लागत नाही. न्यायचं ते एवढं: समन्सची प्रत, आधार कार्ड, एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद असतील तर ते, आणि आधीचा कौटुंबिक हिंसाचाराचा आदेश असेल तर त्याची प्रत. अर्ज साध्या कागदावरही चालतो. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. वकिलाची फी, टंकलेखन, नकलांचा खर्च, प्रोसेस फी यांतलं काही द्यायचं नसतं. हिंसाचार, पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफच आहे. कुणी 'थोडं चहापाण्याचं' म्हणालं तर ते या सेवेत बसत नाही. सचिवांकडे लेखी सांगा.

घरून आधी विचारून घ्यायचं असेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर. तो पहिला सल्ला देण्यापुरता ठीक. 'आज माझ्या केसचा पुकारा झाला का' हे तिथे विचारू नका, त्यासाठी दुसरी सोय आहे, पुढे सांगतो.

वकील मिळाल्यावर काय मिळतं आणि काय नाही, इथे अपेक्षा नीट ठेवायला हवी. पोलीस खटल्यात साक्ष घेणार सरकारी वकील, म्हणजे एपीपी. विधी सेवेचा वकील तुमच्या बाजूने उभा राहून आरोपीला झोडपणार नाही. कलम ३३८ प्रमाणे तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. ज्यांना 'माझा वकील' हवा असतो त्या इथे नाराज होतात. पण ही सेवेतली उणीव म्हणता येत नाही, रचनाच तशी आहे.

मग या वकिलाचा उपयोग काय? चार कामं, आणि चारही तारखेच्या आधीची.

एक, कागद. कलम २३० मध्ये एक फरक झाला आहे जो फार जणींना माहीत नाही: नव्या संहितेखालच्या खटल्यात दोषारोपपत्राची प्रत आरोपीबरोबर पीडितेलाही फुकट मिळते, पण ती वकिलामार्फत हजर असेल तर. म्हणजे वकीलपत्र दाखल झालं की तुमचा तीन वर्षांपूर्वीचा जबाब तुमच्या हातात येतो. साक्षीच्या आदल्या आठवड्यात तो दोनदा वाचणं आणि न वाचता पिंजऱ्यात जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलटतपासात पहिला घाव तारखेवरच पडतो: 'फिर्यादीत १२ तारीख, आज १४ म्हणता?'

दोन, मुदतीचा अर्ज. बाळंतपण, ऑपरेशन, मुलाचा ताप, समन्स आदल्या संध्याकाळी हातात पडणं, ही सबळ कारणं आहेत, पण कळवली तर. अर्ज एपीपीमार्फत किंवा आपल्या वकिलामार्फत, सोबत सिव्हिल हॉस्पिटलचा किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरचा तारखेसह दाखला आणि 'पुढच्या तारखेला हजर राहीन' अशी स्पष्ट ओळ. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागेतला रोज बुडतो हे कारण ऐकून न्यायाधीश हळहळतील फार तर. तरी अर्ज देऊन तारीख मागणारी आणि नुसती गायब होणारी यांना कोर्ट सारखं वागवत नाही.

तीन, समोर उभं राहण्याची भीती. व्हरांड्यात नवरा, दीर, सासू तिघं उभी आणि बाई एकटी, हे दृश्य दर साक्षीच्या दिवशी दिसतं. यावर अर्ज करता येतो: साक्ष बंद दालनात घ्यावी, आरोपी आणि साक्षीदार यांच्यात पडदा असावा, किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणाहून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ च्या स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात असुरक्षित साक्षीदार या व्याख्येचा विस्तार केला. कोर्टाला योग्य वाटेल असा कोणताही साक्षीदार तीत येऊ शकतो. हे प्रकरण महाराष्ट्रातलंच आहे, त्यामुळे अर्जात दाखला द्यायला सोपं. व्हिडिओवर साक्ष म्हणजे घरच्या मोबाइलवरून नव्हे, ठिकाण कोर्ट ठरवतं. पुण्याला किंवा ठाण्याला राहायला गेलेल्या बाईसाठी हा अर्ज सोन्यासारखा आहे आणि तो केलाच जात नाही.

चार, धमकी. 'साक्षीला गेलीस तर बघ' हे तोंडी असेल तरी तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. मेसेज असेल तर पुसू नका. आरोपी जामिनावर असताना साक्षीदाराला धमकावणं म्हणजे जामिनाची अट मोडणं, आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज सरकारी वकिलामार्फत होतो. खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ चा संरक्षण आदेश असेल तर तो मोडल्याबद्दल कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेचं नाव बरेच जण घेतात; ती मुळात सात वर्षं आणि वरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आणि विनयभंगासारख्या काही कलमांसाठी आहे. नुसत्या ४९८-अ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत, त्यामुळे तिथे अडतं. अशा वेळी कलम १८ चा आदेश हाच हातातला कागद. तातडीच्या वेळी अर्थातच ११२ आणि महिलांसाठी १८१.

सेवेचे उणे गुण आता. पॅनेलवरचा वकील कुठल्याही जिल्ह्यात एका दिवशी दोन-तीन कोर्टांत धावत असतो. पुकाऱ्याला तो शेजारच्या कोर्टात असण्याची शक्यता गृहीत धरा. फोन उचलला जाईलच असं नाही. उपाय साधा आहे: पहिल्या भेटीतच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, वकिलाचं नेमणूकपत्र मागा, आणि तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी भेटून या. वकील पटला नाही तर बदलून मागता येतो, त्यासाठी प्राधिकरणाच्या सचिवांकडे कारणासह अर्ज. भांडण करून उठून जाऊ नका. आणि वेळ: तारखेच्या आदल्या दिवशी गेलात तर नेमणूक होईपर्यंत तारीख होऊन जाते. दहा-बारा दिवस हाताशी ठेवा.

वॉरंट निघाल्यावर सेवेला तीनच गुण का? त्या दिवशी वकिलाला करण्यासारखं एकच काम उरतं: वॉरंट रद्द करण्याचा अर्ज. त्यात गैरहजेरीचं खरं कारण, पुरावा, ओळखपत्र, नवा पत्ता आणि पुढे हजर राहण्याची हमी. बाई पोलिसांनी आणण्याआधी स्वतः हजर झाली तर कोर्टाचा कल सहसा मवाळ असतो आणि कित्येकदा साक्ष त्याच दिवशी सुरू होते. तयारी शून्य, जबाब वाचलेला नाही, आणि उलटतपास लगेच. म्हणून तीन.

पत्त्याचा घोळ

निम्म्या वॉरंटांचं मूळ इथे आहे असं म्हटलं तर चुकणार नाही, म्हणून यावर जरा थांबतो. फिर्याद दिली त्या दिवशी बाईचा पत्ता सासरचा असतो. म्हणजे समन्स जातं ते आरोपीच्याच घरी. कलम ६६ प्रमाणे व्यक्ती सापडली नाही तर तिच्याबरोबर राहणाऱ्या प्रौढ कुटुंबीयाकडे प्रत देता येते. जुन्या कायद्यात तिथे 'पुरुष' हा शब्द होता, नव्यात तो गेला. मग सासूबाई सही करून कागद घेतात आणि अहवालात 'कुटुंबातील व्यक्तीस तामील' असं येतं. बाई तिकडे दिंडोरीत माहेरी, तिला पत्ताच नाही. अशा वेळी ती तामील योग्य नव्हती, कारण ती त्या घरात राहतच नव्हती, हा मुद्दा वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात पहिल्या ओळीत हवा.

साक्षीदाराचं समन्स नोंदणीकृत टपालानेही येऊ शकतं. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला तर कलम ७१ प्रमाणे कोर्ट ते तामील झालं असं धरू शकतं. त्यामुळे 'घेतलंच नाही तर आलंच नाही' हा हिशेब उलटतो.

करायचं असं: राहण्याची जागा बदलली की ज्या ठाण्यात गुन्हा आहे, मग ते पंचवटी असो, अंबड असो की नाशिक रोड, तिथे नवा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी द्या आणि पोहोच घ्या. तसाच अर्ज एपीपीमार्फत कोर्टात. ठाण्याचे कोर्ट पैरवी अंमलदार असतात, समन्स-वॉरंटच्या याद्या त्यांच्याकडे. त्यांचा नंबर घेऊन ठेवला तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. नवा पत्ता आरोपीला कळू नये असं वाटत असेल तर वकिलामार्फत तशी विनंती कोर्टाला करा आणि संपर्कासाठी वकिलाचा पत्ता द्या.

तारीख स्वतः बघायची सोय म्हणजे ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप, फुकट. एकदा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकून केस साठवली की पुढची तारीख, कोर्ट आणि आधीच्या तारखांना काय झालं ते दिसतं. सीएनआर माहीत नसेल तर आरसीसी नंबर आणि वर्ष, किंवा पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून शोधता येतं. मोबाइलवर समन्सचा फोटो आला आणि खरा की खोटा कळेना, तर हाच पडताळा: नंबर ॲपवर उघडत नसेल तर पैसे भरायला सांगणाऱ्या त्या माणसाशी पुढे बोलू नका. ॲपची मर्यादा एवढीच की नोंद कधी कधी संध्याकाळी उशिरा चढते. त्याच दिवशीची तारीख कोर्टाबाहेरच्या बोर्डावर बघावी किंवा शिरस्तेदारांना, म्हणजे कोर्टाच्या कारकुनांना, विचारावी.

'मिटवायचं आहे' म्हणून न जाणं

सासरचे म्हणतात, 'तू फक्त जाऊ नकोस, बाकी आम्ही बघतो.' यात बघायचं ते ते बघतातच. वॉरंट निघतं ते बाईच्या नावाने. खरोखर तडजोड झाली असेल तर तिचा रस्ता वेगळा आहे. ४९८-अ, आताचं न्याय संहितेचं कलम ८५, केंद्रीय कायद्याच्या आपसात मिटवण्याच्या तक्त्यात नाही. म्हणून दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली खटला रद्द करण्याचा अर्ज करतात. नाशिकसाठी ते मुंबईला. बी. एस. जोशी प्रकरणापासून, म्हणजे २००३ पासून, असे वैवाहिक खटले उच्च न्यायालय रद्द करू शकतं हे पक्कं आहे. तडजोडीतली रक्कम, स्त्रीधन, मुलाचा ताबा हे सगळं आधी लिहून, निदान अर्धं हातात पडून, मग संमतीचं प्रतिज्ञापत्र. उच्च न्यायालयाचा आदेश येईपर्यंत खालच्या कोर्टाचं समन्स चालूच असतं, तारखेला जाऊन तसं सांगावं लागतं.

कोर्टात जाऊन 'मला काही आठवत नाही' म्हणणं हा दुसरा आडमार्ग. सरकारी वकील साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ खाली परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतात, फितूर म्हणून नोंद होते. शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं कोर्टाला वाटलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८३ खाली संक्षिप्त कारवाई, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. हे कमी वेळा होतं. पण विधी सेवेच्या वकिलाला आधी खरं सांगितलं तर तो निदान हा खड्डा दाखवतो. गैरहजर राहण्यापेक्षा जाऊन खरं तेवढंच बोलणं कायद्याच्या नजरेत केव्हाही सुरक्षित, आणि आठवत नसलेलं 'आठवत नाही' म्हणणं गुन्हा नाही.

साक्षीच्या दिवसाचं थोडक्यात. समन्सवर ११ ची वेळ असेल तर साडेदहाला पोहोचा, आधी एपीपींना भेटून हजेरी सांगा. साक्षीदार हजर असताना कोर्टाने विशेष कारणाशिवाय तारीख देऊ नये असं कलम ३४६ सांगतं. 'आरोपीचे वकील नाहीत' म्हणून परत पाठवलं जात असेल तर आपल्या वकिलाला ते कलम दाखवून हजेरी रोजनाम्यात नोंदवून घ्यायला सांगा. सोबत एक बाईमाणूस, पाणी, डबा. लहान मूल शक्यतो घरी ठेवा. उलटतपासात निव्वळ अपमानासाठी विचारलेला प्रश्न साक्ष अधिनियमाच्या कलम १५५ प्रमाणे कोर्टाने थांबवायचा असतो. गप्प राहून न्यायाधीशांकडे बघा, ते काम त्यांचं.

साक्ष संपली की लगेच निघून जाऊ नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० खाली साक्षीदाराला वाजवी प्रवासखर्च आणि भत्ता देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं. येवल्याहून किंवा सटाण्याहून आलेल्या बाईला एसटीचं तिकीट जपून ठेवायला सांगावं. अर्ज त्याच दिवशी, तिकिटासह, एपीपींमार्फत. रक्कम बुडालेल्या रोजाएवढी नसते. बहुतेक जणी मागतच नाहीत, आणि विधी सेवेच्या वकिलांनाही ते आठवून द्यावं लागतं.